शेवटच्या माणसाच्या चालीने



पाऊस संपून हवा कोरडी झाली की आपल्या वस्त्यांतून सहलीचे बेत निघू लागतात. तरुण मंडळ असो, महिला मंडळ असो की कारखान्यातील एका पाळीचे मित्र असोत, "या वेळी एका दिवसात दोन-तीन डोंगर करून येऊ" असे कोणीतरी म्हणतोच. बेत चांगला आहे. आठवडाभर यंत्राजवळ किंवा टेबलाजवळ बसून आखडलेले शरीर मोकळे होते, मुलांना आपला मुलूख कळतो आणि खर्चही बेताचा असतो.

परंतु आपल्याकडे बेत म्हणजे बहुधा तारीख आणि वर्गणी, एवढेच. किती वाजता कुठे असायचे, कुठून मागे फिरायचे, पाणी किती न्यायचे, याचा कागद कोणी करीत नाही. मग चपळ पोरे पुढे पळतात. लहान मुले आणि आया मागे राहतात. दुसऱ्या डोंगराच्या पायथ्याशी निम्मी मंडळी बसून राहते आणि संध्याकाळी अंधारात एकमेकांना हाका मारीत सगळे खाली उतरतात. पुढच्या वर्षी पुन्हा सहल निघते तेव्हा घरातली आई म्हणते, "तुम्ही जाऊन या, मी घरीच बरी."

या एका वाक्यासाठी आजचा लेख आहे. आईचे पाय कमजोर होते म्हणून ती मागे राहिली, असे आपण समजतो. खरे तर तिच्या चालीचा हिशोब कोणी धरलाच नव्हता.

हिशोब आपल्याला नवा नाही

सातपाटीच्या माणसाला हिशोब शिकवायची गरज नाही. आपल्या खाडीत गाळ साचलेला, त्यामुळे होडी आत-बाहेर करायची ती भरतीच्या पाण्यावर. समुद्रात जाण्यापूर्वी तांडेल डिझेल, बर्फ, गोडे पाणी, किराणा आणि खलाशी यांचा मेळ घालतो, आणि परत कोणत्या भरतीला यायचे हेही मनाशी ठरवतो. भरती चुकली तर बंदर समोर दिसत असूनही बाहेर थांबावे लागते.

डोंगराचीही अशीच एक भरती असते. तिचे नाव सूर्यास्त. ती चुकली की पायथ्याचे गाव खाली दिसत असूनही वाट सापडत नाही. म्हणून डोंगराच्या दिवसाचा जमाखर्च मांडताना जमेच्या बाजूला उजेडाचे तास आणि खर्चाच्या बाजूला चालणे, चढणे, थांबणे व जेवणे लिहावे. शिल्लक निघालीच पाहिजे. ज्या बेतात शिल्लक शून्य आहे तो बेत तोट्याचाच समजावा.

चालण्याच्या वेळेचा एक जुना ठोकताळा आहे. विल्यम नाइस्मिथ या स्कॉटलंडमधील गिर्यारोहकाने तो १८९२ साली मांडला. तासाला ३ मैल चाल धरायची आणि दर २००० फूट चढाईला एक तास जादा धरायचा. आपल्या मापात सांगायचे तर दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. जगभरचे डोंगर चढणारे आजही या ठोकताळ्यापासून सुरुवात करतात.

पण हा ठोकताळा धडधाकट, सवयीच्या माणसाचा आहे. त्यात विश्रांती नाही, जेवण नाही, कडेवर मूल नाही आणि पायात साधी चप्पलही नाही. आपल्या कुटुंबांच्या गटासाठी येणाऱ्या वेळेला दीडपट करावे आणि त्यात थांबण्याचा वेळ वेगळा मिळवावा. गट नेहमी शेवटच्या माणसाच्या चालीने चालतो. पहिला माणूस कितीही लवकर पोहोचला तरी गट पोहोचला असे होत नाही.

आधी घरचा डोंगर

कोणत्याही मोठ्या बेताआधी आपल्या जवळच्या डोंगरावर एक सराव करावा. पालघर–मनोर रस्त्यावर वाघोबा खिंड आहे. तिथून काळदुर्गाची वाट चढते. सुमारे १५५० फुटांचा हा डोंगर. त्याच्या माथ्यावरचा चौकोनी कातळ दुरूनही ओळखू येतो. सवयीची माणसे खिंडीतून दीड तासात वर जातात.

तुमच्या गटातील शेवटचा माणूस वर पोहोचेपर्यंत किती वेळ लागला, ते घड्याळात पाहून वहीत लिहा. दोन तासांच्या आत सगळे वर आले तर एका दिवसात दोन माथ्यांचा बेत करायला हरकत नाही. त्याहून जास्त वेळ लागला तर या वर्षी एकच माथा करावा आणि महिन्यातून एकदा सराव ठेवावा. यात कमीपणा नाही. आपल्या भागात एका माथ्याच्या दिवसासाठी भरपूर जागा आहेत. बोईसरजवळ असावा आहे, सफाळ्याजवळ तांदुळवाडी आहे, महामार्गालगत अशेरी आहे. अशेरीवर वर चढताना कातळाचा अवघड टप्पा येतो आणि तिथे शिडी आहे, हे लहान मुले नेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

सरावात आणखी एक गोष्ट कळते. कोणाचे बूट चावतात, कोणाला उंचीवर चक्कर येते, कोणाला दम्याचा त्रास आहे, हे घरी बसून समजत नाही. काळदुर्गावर समजले तर दुपारी घरी येता येते.

दोन माथे आणि एक लेणे

आता एका दिवसात अनेक माथ्यांच्या बेताकडे वळू. महाराष्ट्रात असे मार्ग पुष्कळ आहेत. पुण्याची मुले कात्रजपासून सिंहगडापर्यंत एकामागून एक टेकड्या ओलांडीत रात्रभर चालतात. कळसूबाईच्या परिसरात अलंग, मदन आणि कुलंग हे तीन किल्ले शेजारी-शेजारी आहेत, पण तिथे दोर आणि जाणकार सोबती लागतात. कुटुंबाने सुरुवात तिथून करू नये.

कुटुंबाच्या गटासाठी योग्य मार्ग आहे तो मळवली, विसापूर, लोहगड आणि भाजे लेणी यांचा. रेल्वेच्या स्टेशनातून निघून रेल्वेच्या स्टेशनातच परत यायचे, म्हणजे गाडी भाड्याने घेण्याचा खर्च नाही. विसापूर १०८४ मीटर उंच, लोहगड १०३३ मीटर. दोन्हींच्या मधे गायमुख खिंड आहे. ही खिंडच या मार्गाची खरी सोय आहे. पहिला माथा उतरल्यावर थकलेल्यांना तिथून रस्त्याने सरळ भाज्याकडे उतरता येते. अनेक माथ्यांचा बेत करताना हे सूत्र पाठ करावे : प्रत्येक माथ्यानंतर घरी जाण्याची एक वाट असली पाहिजे. ज्या मार्गात अशी वाट नाही तो मार्ग नवख्या गटाने घेऊ नये.

आधी विसापूर का? कारण तो जास्त उंच आहे आणि त्याची वाट जास्त दमवणारी आहे. अवघड काम ताज्या पायांनी करावे. लोहगडाला पायऱ्या आहेत, वाट मळलेली आहे, ती दुपारी जमते. इंग्रजांनीही १८१८ च्या मार्च महिन्यात आधी विसापूर घेतला, आणि मग लोहगड त्यांना सहज मिळाला. हाच लोहगड २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा मराठा किल्ल्यांपैकी एक आहे.

आणि लेणी शेवटी का? भाज्याची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत. दुपार कलल्यावर उजेड चैत्यगृहात शिरतो आणि आतल्या बाजूला किंचित कललेले अष्टकोनी खांब स्पष्ट दिसतात. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनचे हे काम आहे. कमानीला लावलेल्या मूळ लाकडी फासळ्या अजून पाहायला मिळतात. शेजारी चौदा स्तूपांचा समूह आहे, त्यांतील काहींवर थेरांची नावे कोरलेली आहेत. दिवसभर चालून आलेल्या माणसाने अशा जागी तासभर शांत बसावे. ज्या वृद्धांना माथा चढायचा नाही त्यांनी थेट इथे येऊन थांबावे, म्हणजे संध्याकाळी सगळा गट एकत्र होतो.

ही वाट आपल्याला परकी नाही. आपल्या जिल्ह्यातील सोपारा हे त्या काळी मोठे बंदर होते. तिथल्या स्तूपाचे उत्खनन भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली केले. किनाऱ्यावरचा माल आणि माणसे घाट चढून देशावर जात, त्या वाटांच्या आसऱ्याने कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी उभी राहिली. भाज्यासमोरच्या डोंगरात कार्ल्याचे चैत्यगृह आहे, त्यातील एका खांबाच्या लेखात सोपाऱ्याहून आलेल्या दात्याचे नाव आहे. आपल्या किनाऱ्यावरचा माणूस दोन हजार वर्षांपूर्वी पायी तिथे गेला होता. आपल्याला तर रेल्वे आहे.

दिवसाचा जमाखर्च

महिना फेब्रुवारीचा धरू. उन्हाचा कडाका नाही आणि पाऊसही नाही. महिन्याच्या मध्यावर सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि साडेसहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे जमेला साडेअकरा तास.

आता खर्च. हिशोबासाठी सगळी चाल १६ किलोमीटर आणि सगळी चढाई ७०० मीटर धरू. ठोकताळ्याप्रमाणे चालीचे ३ तास १२ मिनिटे आणि चढाईचे १ तास १० मिनिटे, मिळून सुमारे ४ तास २० मिनिटे. त्याचे दीडपट साडेसहा तास. दोन माथ्यांवर आणि लेण्यांत एकेक तास, असे तीन तास. वाटेत दर तासाला दहा मिनिटे टेकण्यासाठी मिळून एक तास. एकूण खर्च साडेदहा तास. शिल्लक एक तास. हा शिल्लक तास मुरगळलेल्या पायासाठी, चुकलेल्या वाटेसाठी आणि रडणाऱ्या मुलासाठी राखून ठेवायचा. तो फोटो काढण्यात खर्च करायचा नाही.

कागदावर बेत असा उतरतो :

सकाळी ७.०० – मळवली स्टेशन सोडणे.
७.४० – भाजे गाव. पाणी भरणे, मोजदाद.
९.५० – विसापूरचा माथा. न्याहारी.
१०.५० – माथा सोडणे.
१२.०० – गायमुख खिंड. पुन्हा मोजदाद. पुढे जायचे की नाही याचा निर्णय इथे.
१२.१५ – लोहगडवाडी.
१.१० – लोहगड. जेवण.
२.१० – गड सोडणे.
२.४५ – लोहगडवाडी.
३.५० – भाजे लेणी.
४.५० – लेणी सोडणे.
५.३० – मळवली स्टेशन.

या कागदातील सर्वांत महत्त्वाची ओळ खिंडीची आहे. शेवटचा माणूस पाऊण वाजेपर्यंत खिंडीत आला नाही, तर लोहगड रद्द. सगळा गट रस्त्याने भाज्याला उतरेल आणि जास्त वेळ लेण्यांत घालवील. खिंड वेळेत गाठली तरी दुपारी दोन वाजता ज्याला जिथे असेल तिथून मागे वळायचे, मग बुरूज पाच मिनिटांवर का असेना. हा निर्णय घरी, वहीत, सगळ्यांच्या समोर घ्यावा. डोंगरावर घेतलेला निर्णय नेहमी पुढे जाण्याचाच असतो, कारण तिथे चपळ पोरांचा आवाज मोठा असतो आणि थकलेल्या बाईचा आवाज कोणाला ऐकू येत नाही.

विसापूरचा माथा फार विस्तीर्ण आहे. वाटा एकमेकींत मिसळतात आणि उतरणीची वाट नवख्याला चटकन सापडत नाही. म्हणून भाज्यातून वाटाड्या घ्यावा आणि त्याचे पैसे आधी ठरवून वर्गणीतच धरावेत. भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे मिळतात, त्यांवरच्या समोच्च रेषा वाचायला मंडळातील दोन मुलामुलींनी शिकाव्यात. रेषा जवळजवळ आल्या की चढ उभा, लांब गेल्या की सपाटी. मोबाइलमधला नकाशा उपयोगी आहे, पण बॅटरी संपली की तो नकाशाही संपतो.

पाण्याची गोष्ट

डोंगरावर पाणी किती न्यावे? दर माणशी तीन लिटर. मुलांचे पाणी मोठ्यांनी उचलावे. गडावरच्या टाक्यांत पाणी दिसते, पण ते गाळून-उकळून घेतल्याशिवाय पिऊ नये. मीठ-साखरेची पुडी प्रत्येकाच्या खिशात असावी.

पाण्याचा विषय निघाला की आपल्याला आणखी एका सहलीची आठवण ठेवावी लागते. १९३४ साली बाबासाहेबांच्या सहकाऱ्यांनी सहलीची इच्छा व्यक्त केली. तीसेक माणसांचा गट वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाला. वाटेत दौलताबादच्या किल्ल्याच्या दाराशी पाण्याचे लहान तळे होते. प्रवासाची धूळ धुवावी म्हणून काहींनी त्या पाण्याने हातपाय धुतले. तेवढ्यावरून तळे बाटवले असा ओरडा झाला आणि जमाव जमला. शेवटी गड पाहू दिला तो सोबत हत्यारबंद शिपाई देऊन, आत कुठे पाण्याला हात लावू नये म्हणून. बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत हा प्रसंग लिहून ठेवला आहे.

ही हकीकत मुलांना माथ्यावर, पाण्याची बाटली हातात असताना सांगावी. गड, लेणी, टाकी आणि वाटा यांवर आपला सर्वांइतकाच हक्क आहे, हे त्यांना तिथे नीट कळेल. आणि ज्या समाजाला दारातल्या पाण्यासाठी अडवले गेले, त्या समाजाच्या सहलीत आपल्याच एखाद्या बहिणीला मागे ठेवून पुढे जाणे शोभत नाही, हेही कळेल.

आणखी काही सूचना

पावसाळ्यात हा मार्ग नवख्यांनी घेऊ नये. विसापूरच्या वाटेवरून पाणी वाहते आणि दगड निसरडे होतात. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच माणसे बघता बघता वाहून गेली. वाहत्या पाण्याला ओळख-पाळख नसते.

रात्रपाळी करून थेट डोंगराला जाऊ नये. झोप नसलेल्या माणसाचा पाय उतरणीला चुकतो. पालघरहून दादर, दादरहून लोणावळा आणि तिथून लोकलने मळवली, असा प्रवास आदल्या दिवशी करून पायथ्याला मुक्काम करावा. मुक्कामाची जागा आधी विचारून ठरवावी. लोकलचे वेळापत्रक आणि लेण्यांची उघडण्याची-बंद होण्याची वेळ निघण्यापूर्वी पुन्हा एकदा विचारून घ्यावी.

सर्वांत पुढे वाटाड्या आणि सर्वांत मागे गटातील सर्वांत जबाबदार माणूस असावा. मागच्याच्या पुढे सगळे असतील, त्याच्या मागे कोणी नसेल. पुढची पोरे थांबली की मागच्यांना पाहताच लगेच उठून चालू लागतात, ही वाईट खोड आहे. शेवटचा माणूस आल्यावर त्याला पुरी दहा मिनिटे बसू द्यावे, मग निघावे.

बायकांना आडोशाला जायला वेळ आणि सोबत लागते. तो वेळ बेतात धरलेला असावा, म्हणजे त्यांना पाणी न पिता चालावे लागणार नाही. साडीपेक्षा सलवार-कमीज बरी आणि चपलेपेक्षा पकड असलेले बूट बरे. नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नयेत.

कड्याच्या कपारीत मोहोळे असतात. धूर करू नये, अत्तर लावू नये, आरडाओरडा करू नये. साप चावला तर जखम कापणे, चोखणे, मांत्रिक शोधणे यांत वेळ घालवू नये. चावलेला भाग न हलवता माणसाला सरकारी रुग्णालयात न्यावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र या संस्थेचे कार्यकर्ते डोंगरात अडकलेल्यांची सुटका करतात. त्यांचा आणि जवळच्या पोलीस ठाण्याचा क्रमांक निघण्यापूर्वी कागदावर लिहून घ्यावा. बेताची एक प्रत वस्तीत राहणाऱ्या कोणाकडे तरी द्यावी, म्हणजे रात्री आठपर्यंत निरोप आला नाही तर कुठे शोधायचे हे त्याला ठाऊक असेल.

बंधू-भगिनींनो, येत्या सुट्टीच्या दिवशी मंडळाच्या बैठकीत एक वही उघडा. पहिल्या पानावर वर्गणीदारांची नावे लिहिण्याऐवजी गटातील सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाचे नाव लिहा. ती आई असेल, गुडघे दुखणारे काका असतील, सात वर्षांची मुलगी असेल. तिला किंवा त्यांना शेजारी बसवा आणि विचारा की काळदुर्ग चढायला किती वेळ लागेल. त्या उत्तरावर पुढचा सगळा बेत उभा करा. मग माथे दोन झाले काय किंवा एक झाला काय, संध्याकाळी मळवलीच्या फलाटावर मोजदाद केली की आकडा सकाळइतकाच भरला पाहिजे, आणि पुढच्या वर्षीच्या यादीत आईचे नाव तिने स्वतः सांगून लिहायला लावले पाहिजे.

जय भीम.